पाक धरेपर्यंत

महानंदाअक्कांशी कुणी भांडायला आलं की त्या आधी त्याच्या हातात काहीतरी धरायला द्यायच्या. कणकेची परात, डाळीचं सूप, नाहीतर धुतलेल्या चादरीचं एक टोक. "जरा धरा बरं एवढं," म्हणायच्या आणि दुसरं टोक घेऊन सावकाश मागं मागं जायच्या. समोरचा माणूस चादर धरून उभा. दोन्ही हात गुंतलेल्या माणसाला नीट रागावता येत नाही, हे त्यांना कुठून कळलं होतं कोण जाणे. किराणावाला दुकानदार, शाळेतले सर, एकदा तर तालुक्याहून तपासणीला आलेले साहेबसुद्धा मी असे उभे राहिलेले बघितले. साहेबांच्या हातात मेथीची जुडी होती. अक्का त्यातली एकेक काडी ओढून निवडत होत्या आणि बोलत होत्या, आणि साहेब मान हलवत होते.

आमचं गाव सोनपेठ तालुक्यातलं, गोदावरीच्या अंगाचं. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जायचं. ट्रॅक्टरवर भांडी, गोधड्या, कोंबड्या चढायच्या, आईबाप चढायचे, आणि धूळ खाली बसली की गल्ली एकदम मोठी दिसायला लागायची. ज्यांच्या घरी मागं म्हातारं माणूस नव्हतं ती लेकरं शाळेच्या दोन खोल्यांत राहायची. त्याला हंगामी वसतिगृह म्हणत. अक्का तिथं स्वयंपाकाला होत्या. सोनपेठला त्यांच्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची, बिस्किटांची भट्टी होती, मालक गेले तशी भट्टी गेली, आणि अक्का एक पेटी घेऊन आमच्या गावाला आल्या. जातीनं लिंगायत. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळाला भस्म. सकाळची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसत. पूजा करताना मात्र एक डोळा चुलीवरच्या दुधावर असायचा. "देवाला कळतं की दूध उतू जायलंय," म्हणायच्या.

त्या बिस्किटांच्या घराची गोष्ट सुरू झाली मी पाचवीत असताना. दिवाळीची सुट्टी लागलेली, गावातल्या लेकरांच्या घरी भाजणीचा वास, आणि आम्ही वसतिगृहाच्या ओट्यावर बसून तो वास घेत होतो. शाळेतल्या सरांनी मोबाईलवर एक चित्र दाखवलं. परदेशात नाताळाला लेकरं बिस्किटांचं घर बांधतात, आलं घातलेल्या बिस्किटांचं, वर साखरेचं बर्फ. आम्ही सगळे त्या काचेवर डोकी घालून बसलो. कुणीतरी मोबाईल अक्कांना नेऊन दाखवला. त्यांनी हात पुसून, चष्मा शोधून, चित्र नीट बघितलं.

"आलं न्हाई जमायचं, वलं ऱ्हातं," त्या म्हणाल्या. "सुंठ पायजे. आन् हे छप्पर कामून असं उतरतं केलंय? हे पावसाच्या मुलखातलं घर दिसतंय. आपल्याकडं माळवद."

म्हणून आमचं घर सपाट छताचं झालं, गावातल्या मातीच्या घरांसारखं. सरांनी समजावून बघितलं की उतरतं छप्पर एकमेकाला टेकून उभं राहतं, सपाट छत पडेल. अक्का म्हणाल्या, "मग उन्हाळ्यात निजायचं कुठं? सांडगे वाळू घालायचे कुठं?" सरांच्या हातात तेव्हा गुळाची ढेप होती.

गव्हाचं पीठ, गूळ, तूप, सुंठ, चिमूटभर जायफळ. अक्का पीठ मळायला लागल्या की सगळी खोली गरम आणि तपकिरी व्हायची. मला अजून तसंच आठवतं, तपकिरी. खिडकीतून ऊन यायचं, उन्हात सुंठीची पूड तरंगायची, बाहेरून मानवतच्या बाजाराला निघालेल्या कापसाच्या गाडीतला एखादा पुंजका उडत यायचा आणि त्या उन्हात शिरायचा. कुणी मोठ्यानं बोलत नसे. आम्ही पोळपाटावर पीठ लाटायचो आणि पहिलीतल्या लेकरांची पाटी वर ठेवून कडेनं सुरी फिरवायचो. एक पाटी म्हणजे एक भिंत.

मग त्या भिंती पत्र्यांवर मांडून भाजायला एसटीनं सोनपेठला न्यायच्या. दिवाळीत बायका घरचं पीठ-तूप नेऊन भट्टीवर नानकटाई भाजून आणतात, तशाच भट्टीवर आमच्या भिंती भाजायच्या. एका वर्षी कंडक्टर चिडला. "मावशी, हे काय सीटवर मांडलंय? माणसं उभी हायेत."

"घर हाय ते बाबा. जरा धर बरं एवढा पत्रा, म्हंजे मी सरकते."

कंडक्टर पत्रा धरून उभा राहिला. गाडी खड्ड्यातून जाताना त्यानं तो पोटाशी धरला. उतरताना म्हणाला, "मावशी, खिडकी ठिवली न्हाई का तुमी ह्याला?" आणि परतीच्या फेरीला मुद्दाम आमची वाट बघत थांबला.

भिंती जोडायला गुळाचा पाक. पाण्याच्या वाटीत थेंब टाकला की टणक गोळी व्हायला पाहिजे असा. तो भिंतीच्या कडेला लावायचा, दुसरी भिंत टेकवायची आणि धरून बसायचं. सोडलं की पडलं. जास्त दाबलं तर तुटलं. "दम धर लेकरा," अक्का म्हणायच्या, "पाक धरंपर्यंत आपण धरायचं. मग तो आपल्याला सोड म्हणतो." मी कान लावून ऐकायची. खरंच असं वाटायचं की आत काहीतरी अगदी हळू म्हणतंय.

घराला काय काय लागायचं. फुटाण्याच्या डाळ्यांची ओटी, शेवेचं तोरण, बत्ताशाचं तुळशीवृंदावन, खोबऱ्याच्या कापाची म्हैस, तिला बिस्किटांचा गोठा. एका वर्षी बालाजी नावाच्या दुसरीतल्या पोरानं तिळागुळाची एक गोळी दाराच्या मधोमध चिकटवली.

"हे काय रे?" अक्का म्हणाल्या.

"कुलूप."

दिवाळीतलं घर म्हणजे कुलूप लावलेलं घर, हे त्याला इतकं साधं माहीत होतं की त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच त्याला कळेना. आम्हालाही त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. अक्कांनी त्या कुलपाला बोट लावून बघितलं.

"किल्ली कुठं हाय मग?"

"आईच्या कमरंला."

अक्कांनी कुलूप काढलं नाही. सुरी गरम केली, घर फिरवलं आणि मागच्या भिंतीला एक दार कापलं. "तवर आपण हिकडून येऊ-जाऊ," म्हणाल्या. बालाजीनं वाकून त्या दारातून आत बघितलं, आणि मग आम्ही सगळ्यांनी बघितलं. आत अंधार होता आणि गोड वास होता. मला वाटलं, आपण जर बोटाएवढे असतो तर इथं भिंतीला पाठ लावून बसलो असतो. थंडी वाजली असती तर भिंतीच गरम झाल्या असत्या. रात्रभर मी झोपेत त्या घरात हिंडत होते. जमीन पायाला थोडी चिकटत होती.

सातवीत असताना मात्र माझं लक्ष घरात नव्हतं. त्या वर्षी आई पोटुशी असतानाच ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली. ट्रॅक्टरवर चढायच्या आधी दादा, म्हणजे माझे वडील, अक्कांना सांगून गेले, "बाळंत झाली की हिला न्यायला येतो. फडात लेकराला बघायला कुणीतरी पायजे." अक्का नुसत्या "बरं," म्हणाल्या. मधूनच फडावर गेलेली पोरगी परत वर्गात येऊन बसलेली मी तोवर बघितली नव्हती. गेली की गेली. पुढच्या वर्षी तिच्या हातात कोयता असायचा. मला शाळा सोडायची नव्हती. आणि मला आईजवळ जायचं होतं, बाळ बघायचं होतं. दोन्ही एकदम खरं होतं, त्यामुळं मला जेवण जाईना. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मी आत पळायची, आणि गाडी पुढं निघून गेली की रडू यायचं.

अक्कांनी एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "रुक्मिन माय, काय व्हायलंय तुला?"

"दादा आले तर?"

"आले तर च्या टाकू."

एवढंच. त्यांना समजूत घालायची सवय नव्हती. पण त्या दिवसापासून घराच्या कामात त्यांनी माळवद माझ्याकडं दिलं.

दादा पाडव्याच्या दिवशी सकाळी आले. अंगावर उसाच्या पातीचे ओरखडे, डोळे तांबडे, रात्रभर प्रवास झालेला. मुलगा झाला होता. आम्ही सगळे ओट्यावर घर घेऊन बसलो होतो, चारी भिंती उभ्या होत्या, छत बसवायचं राहिलं होतं. दादा ओट्याशी उभे राहूनच म्हणाले, "रुक्मिन, कपडे घे. दुपारच्या गाडीनं निघायचंय." मग अक्कांकडं वळून, "अक्का, तुमी मला काय सांगू नका. मी ठरवून आलोय."

"मी कुठं काय सांगायले," अक्का म्हणाल्या. "न्या की. लेक तुमची हाय. फकस्त एवढं छत तिच्या वाट्याचं हाय, ते तिला बसवू द्या. पाक झालाय, थंड व्हायलाय. हे जरा धरा बरं तिच्यासंगं."

आणि दादांनी धरलं. एका बाजूनं मी, एका बाजूनं ते. मधे ते सुंठीचं छत. त्यांचे हात केवढे होते आणि ते किती हलकं धरत होते, हे मला दिसत होतं.

"किती येळ धरायचं?"

"पाक धरंपर्यंत."

दादांनी घर जरा तिरकं होऊन बघितलं. "हे मधी खचंल. माळवदाला मेढ लागती, खांब. नुसत्या भिंतींवर कसं ऱ्हाईल?"

"दर साली खचतं," अक्का म्हणाल्या. "आमाला वाटलं पिठात चूक हाय."

बालाजीनं बिस्किटाचा एक लांब तुकडा शोधून, आता दर वर्षी ठेवायचो त्या मागच्या दारातून आत सारला. दादा त्याला सांगत होते, जरा डावीकडं, हां, उभी कर, आता पाक लाव खाली. मेढ उभी राहिली. छत तिच्यावर टेकलं. दादांचा चेहरा जरा सैल झाला. अक्का तेवढ्यात बोलल्या, जसं काही मेथी निवडताना बोलाव्यात तसं.

"बाळंतीण कशी हाय?"

"बरी हाय. तिसऱ्या दिवशीच मोळ्या बांधायला उठली."

"लेकरू कुठं निजतं?"

"सरीत झोळी बांधलीय."

"आन् रुक्मिन गेल्यावर काय करंल?"

"झोळी हलवंल."

"पुढल्या साली?"

दादांना उत्तर माहीत होतं, मलाही माहीत होतं, ओट्यावरच्या पहिलीतल्या पोरालासुद्धा माहीत होतं. हात मोकळे असते तर त्यांनी ते झटकले असते, टोपी नीट केली असती, मला "चल" म्हटलं असतं. पण हात छताखाली होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता मी काहीतरी म्हणायला पाहिजे, मला शिकायचंय असं. पण माझ्या तोंडून निघालं ते भलतंच.

"दादा, लेकरू कुणावाणी हाय?"

"तुझ्यावाणी," ते म्हणाले. "नाक तर सगळं तुझंच."

मग मला रडू आलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. त्यांनाही माझे डोळे पुसता येईनात. आम्ही दोघं तसेच, समोरासमोर, मधे ते घर धरून. अक्का उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी बोटानं छताची कड दाबून बघितली.

"सोडा आता, भाऊ. धरलंय."

दादांनी सोडलं नाही. "ऱ्हाऊ द्या अजून जरा," म्हणाले.

ऊन ओट्यावरून खाली उतरलं. पोरं एकेक करून उठून खेळायला गेली. केव्हातरी दादांनी हात काढले, पँटला पुसले, आणि माझ्याकडं न बघता अक्कांना म्हणाले, "हंगाम सरल्यावर येतो मग."

अक्का "बरं" म्हणाल्या. दादा टोळीबरोबर जाताना "बरं" म्हणाल्या होत्या तसंच, तेवढंच. मग त्यांनी घराचा गोठा काढून घेतला. आम्ही तो मोठ्या हौसेनं जोडला होता. "म्हशी ऱ्हातेल बाहेर. बाळंतिणीला सुंठ-गूळ चांगला. न्या हे तिला." गोठा फडक्यात बांधून दादा दुपारच्या गाडीनं एकटेच गेले. त्यांनी तसं का ठरवलं, मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नसतं.

ते माळवद त्या वर्षी खचलं नाही. टोळ्या परत येईपर्यंत आम्ही ते घर परातीतल्या पाटावर ठेवून सांभाळायचो, मुंग्या लागू नयेत म्हणून परातीत पाणी. आईबाप आले की अक्का घर मोडायच्या आणि ज्याला त्याला आपापला तुकडा घरी द्यायच्या. तोवर तो दगडासारखा झालेला असायचा. दुधात बुडवून खावा लागायचा. मला इतकं काही गोड त्यानंतर मिळालेलं नाही, का मीच ते वाढवून सांगते आहे, माहीत नाही.

आठवी झाली आणि माझी शाळा संपली. पुढची शाळा सोनपेठला, रोजचं येणंजाणं, घरी भाऊ लहान. मी स्वतःच म्हणाले, नको. अक्कांना सांगायला गेले तेव्हा मला वाटलं, आता माझ्या हातात काहीतरी धरायला देतील आणि बोलतील. तसं काही झालं नाही. त्यांनी मला जवळ बसवलं, डोक्याला तेल लावलं.

"वाचता येतं ना तुला बरोबर?"

"येतं."

"मग भावाला औषध पाजायचं झालं तर आधी बाटलीवरचं वाच. आधी वाच, मग पाज. घाईत न्हाई पाजायचं."

पुढं दोन हंगाम मी फडावर गेले. लग्न झालं. मालकांच्या कामामुळं आम्ही बेंगळुरूला आलो. इथं उंच उंच इमारती बांधतात, आणि बांधणाऱ्यांच्या लेकरांसाठी पत्र्याच्या शेडमध्ये पाळणाघर असतं. मी तिथं मदतनीस आहे. भाषा अजून नीट येत नाही, पण लेकरांना कुठलीही चालते. मला फार काळजी लागून राहते. गॅस बंद केला का, दाराला कडी आहे का, कोण जास्त वेळ झोपलंय. औषधाची बाटली मी दोनदा वाचते. बरोबरच्या बाया हसतात, म्हणतात, हिला बाटलीवरचं पाठ करायचंय. हसू देत. आठवीपर्यंतचं जे काही माझ्याजवळ आहे ते रोज वापरात आहे. मागच्या डिसेंबरात साईटच्या एका मॅडमनी बिस्किटांच्या घराचा तयार डबा आणला. भिंती, छप्पर, सगळं कापून आलेलं. लेकरांनी अर्ध्या तासात बांधलं आणि पाचच मिनिटांत खाल्लं. मजा आली त्यांना. मी एका कोपऱ्यात बसून रिकामा डबा हुंगून बघितला. आल्याचा वास होता, ओल्या आल्याचा.

त्याच थंडीत भावाचा फोन आला. तो आता त्याच शाळेत, त्याच वसतिगृहात आहे. "ताई, अक्का गेल्या," म्हणाला. स्वयंपाक करून, भांडी पालथी घालून, जरा पडते म्हणाल्या आणि उठल्या नाहीत. सोनपेठच्या त्यांच्या माणसांनी येऊन लिंगायतांच्या रीतीनं बसवून समाधी दिली. मला सुट्टी मिळाली नाही. मिळाली असती तरी पोचले नसते.

मग मी आईला फोन लावला. आम्ही दोघी बराच वेळ अक्कांबद्दल बोललो, म्हणजे आईच बोलली. तिची आणि अक्कांची गाठ वर्षातून दोनदाच पडायची, जाताना आणि येताना. बोलता बोलता तिनं मला ते सांगितलं, आजवर कधी न सांगितलेलं.

"तुझा बाप त्या दिवाळीला तुला आणायला गेला होता बघ. मी वाट बघायलते. झोळी उन्हात आलीवती, मी म्हणलं आता पोरगी यील, झोळी सावलीला बांधंल. तेवढ्यात बघितलं तर ह्यो बांधावरून एकलाच यायलाय, हातात फडक्याची गाठोडी. मी म्हणलं, पोरगी कुठंय? तर म्हणला, 'घरी हाय.'"

"मग?"

"मग काय. मी पुन्हा काय इचारलं न्हाई. झोळी सोडली, सावलीला बांधली, आन् मोळ्या बांधायला लागले."